चौथं पान

सेलू,
१८ जुलै २०२४

तीर्थरूप शिवरुद्रअण्णांस भागम्माचे शरणू शरणार्थी.

ओळी वाकड्या दिसल्या तर रागावू नका. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्याला मी ब्लेडनं लांब फटी पाडल्यात. तो कागदावर ठेवायचा, एका फटीत एक ओळ लिहायची, मग डावं बोट खालच्या फटीत. पुठ्ठा सरकला की एक ओळ दुसरीच्या डोक्यावर बसते, तेवढं सोडवून घ्या. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, मला कागदावर दिसत नाही. देवानं बहीणभावाला बरोबर वाटून दिलंय.

उजवा डोळा काचबिंदूनं गेला तो गेलाच. डाव्यात आता उजेड तेवढा कळतो, अन् मधे कुणी आलं तर सावली. एप्रिलमधे मी जिन्यावरून घसरले तेव्हापासून खालच्या दाराला बाहेरून कडी असते. सकाळी लेक-सून खाली दुकानात गेली की कडी वाजते. ती एकदा वाजली की मी अन् ही माडी. खाटेपासून खिडकी सात पावलं, खिडकीपासून मोरी पाच. साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर राहते, पण साडीचा रंग विचाराल तर तोही दुसऱ्याच्या तोंडून.

रुद्रेशनं मोठा फोन आणून दिला. म्हणाला, "अव्वा, यात सगळी पुस्तकं हायेत, नुसतं बोलायचं." बोलले. त्यानं दोनदा गॅसवाल्याला फोन लावला. काचेवर बोट कुठंही ठेवा, सगळीकडं सारखंच गुळगुळीत. दार कुठं अन् भिंत कुठं हेच कळत नाही.

त्रिवेणी दुपारी तीन ते चार वाचून दाखवते. दाखवते म्हणजे काय, रेशनची यादी वाचावी तसं. चार वाजले की पुस्तक मिटलं. मधे पानंही गाळत असावी. वाचनालयातली जाड कादंबरी चालू होती, तिच्यात सारजा नावाची म्हातारी होती. शंभर पानं ती माझ्यासोबत राहिली अन् एके दिवशी अचानक भावाच्या गावी निघून गेली. पुन्हा तिचं नाव नाही. कुठं असं असतं का? मी विचारलं तर म्हणते, "पुस्तकातच तसं हाय, आत्याबाई." माया नाही हो अण्णा तिच्या आवाजात. कडी लावणारीही तीच.

मी बेचाळिसाव्या वर्षी कापडाच्या थानांवरच्या चिठ्ठ्या बघून अक्षर शिकले. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाला हिसकावताही येणार नाही असं वाटायचं. आता प्रत्येक अक्षर कुणाच्या तरी हातून घ्यावं लागतं. पुस्तक वाचणारं लहान मशीन मिळतं म्हणे, बटणांचं. तेवढं माझ्यासाठी बघा.

बेलपत्री आणणाऱ्या कुसुमबाईच्या हाती हे पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकते. एक लक्षात ठेवा, तुमचं उत्तर मला त्रिवेणीच वाचून दाखवणार. तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नको.

तुमची भागू

•

जिंतूर,
२ ऑगस्ट २०२४

चि. भागूस शिवरुद्रचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र समोर ठेवून एकेक कलम उत्तर देतोय. चाळीस वर्षं लोखंडी सामानाचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाच्या यादीतली एकही वस्तू राहू द्यायची नाही, ही सवय काही जात नाही. शेवटच्या दोन ओळी मात्र एकमेकींवर चढून बसल्यात. भिंग लावलं, उन्हात धरलं, लागल्या नाहीत. महत्त्वाचं काही असेल तर पुन्हा लिही.

पहिलं, पुठ्ठा. फार छान केलंस. कडेला दोन चिमटे लाव, सरकणार नाही. चिमटे पाठवतो.

दुसरं, डोळे. थेंब चुकवू नको. डाव्या डोळ्यात आहे तेवढा उजेड टिकवायचा आहे.

तिसरं, मशीन. एसटीनं परभणीला जाऊन आलो. तिथं डोळ्यांनी अधू माणसांसाठी एक संस्था आहे. भक्तीबाई नावाच्या बाई शिकवतात, त्या स्वतः जन्मापासून पाहू शकत नाहीत. त्यांनी तीन मशीनं पुढ्यात मांडली. मला कमी ऐकू येतं म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, "काका, बहिऱ्या माणसानं आवाजाचं यंत्र निवडायला यायचं म्हणजे कमाल आहे." मी म्हटलं, "मी हातानं ऐकतो." अन् खरंच, मशीनवर तळवा ठेवला की आवाजाची थरथर कळते.

त्यांनी मला उलटे प्रश्न विचारले. बहिणीची बोटं बधीर होतात का? साखर आहे का? मशीन हातात धरणार की खाटेवर ठेवणार? दिव्याशिवाय चार्जिंगची वायर लावता येईल का? अन् सगळ्यांत मोठं, मधेच बंद केलं तर पुन्हा चालू करताना ते थांबल्या जागेवरूनच सुरू होतं का? म्हणाल्या, "आपण पुस्तकात खूण घालतो ना काका, तशी खूण यंत्राला घालता आली पाहिजे. नाहीतर माणूस रोज पहिल्या पानावर." पुढं असंही म्हणाल्या की डोळस नातेवाईक नेहमी दिसायला देखणं यंत्र घेऊन जातात अन् मग ते कपाटात पडून राहतं. ज्याला वापरायचं त्याच्या हातात दिल्याशिवाय घेऊ नका. पण मशीन खोलीबाहेर देता येत नाही, तुला तिथवर आणता येत नाही. यावर मी एक युक्ती योजलीय, ती पुढच्या पत्रात.

चौथं, तुझी सून. तू लिहितेस ते वाचून रक्त उसळलं. त्रिवेणीच्या अंगात माया नाही हे मी लग्नातच ओळखलं होतं, बोललो नाही. सासूला तासभर वाचून दाखवते ते काय उपकार करते का? रेशनची यादी म्हणे. पानं गाळते म्हणजे तुला फसवतेच की. अन् माणसाला बाहेरून कडी लावून कोंडणारी ही बाई कोणत्या काळजाची? मी रुद्रेशला खरमरीत लिहिणार आहे. तू काळजी करू नको. मशीन एकदा आलं की तिच्या तोंडाकडं बघायची गरज उरणार नाही.

तुझा
अण्णा

•

सेलू,
९ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अण्णांस भागूचे शरणू शरणार्थी.

तुमचं पत्र काल दुपारी वाचून झालं. चिमटे लावलेत, बघा ओळी कशा सुतात आल्या.

शेवटच्या दोन ओळी लागल्या नाहीत हे ऐकलं. त्यात मी लिहिलं होतं की उत्तर त्रिवेणी वाचणार, तिचा विषय काढू नका. पुढचं सगळं जीव मुठीत धरून ऐकलं. पण तुम्ही तसलं काही लिहिलंच नव्हतं. म्हटलं, माझा भाऊ शहाणा आहे, न सांगता समजला.

पण अण्णा, एक खुलासा करा. पत्र मी पेटीत ठेवताना बोटांनी मोजलं. कागद चार आहेत. चारही कागदांवर पेनाचा दाब लागतो. अन् वाचून झालं ते तीन कागदांचंच. तुमची युक्ती पुढच्या पत्रात, एवढं आलं अन् त्रिवेणी म्हणाली, "झालं, आत्याबाई. खाली सही हाय." आवाज नेहमीसारखाच, सुतळीसारखा सरळ. तिच्याबद्दल काही असतं तर तो कुठंतरी हलला असता. तेव्हा ते तिच्याबद्दल नाही. माझ्याबद्दलच आहे.

रुद्रेश नांदेडच्या डॉक्टरांशी एकटाच बोलून आला होता. तुम्हाला त्यानं काही कळवलंय का? डावा डोळाही जाणार, असं चौथ्या पानावर होतं का? असेल तर मला सांगा. अंधाराची भीती नाही. माझ्याच पत्रातलं मला सोडून सगळ्यांना ठाऊक, याची लय भीती वाटते. कालपासून ते पान मी चार वेळा नाकाजवळ धरलं. शाईचा वास येतो, शाई दिसत नाही.

उत्तर कसं द्याल ते मात्र मला ठाऊक नाही. तुमच्या माझ्यामधे तिचं तोंड आहेच.

तुमची
भागू

•

सेलू,
१० ऑगस्ट २०२४

आदरणीय मामांना त्रिवेणीचा नमस्कार.

हे पत्र आत्याबाईंना ठाऊक नाही. दुकानात फॉल-पिकोच्या मशीनवर कागद ठेवून लिहायलेय, कुणी आलं की झाकते, म्हणून तुटक होईल.

तुमचं चौथं पान मी वाचलं. मोठ्यानं नाही. पहिल्या ओळीत माझं नाव दिसलं तशी थांबले अन् म्हणाले, झालं. आत्याबाईंचा हात पुढं आलाच होता, त्या हातात पत्र दिलं अन् खाली आले. मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्या तुम्हाला लिहिणार नाहीत तर कुणाला लिहिणार?

कडी माझ्या हातानं पडते हे खरं आहे. हुकूम ह्यांचा आहे. त्या घसरल्या तेव्हा ह्यांनी दोन दिवस अन्न खाल्लं नव्हतं. मी म्हणाले होते, वर कुणीतरी बसू या. तर म्हणाले, कोण बसणार, तू बसलीस तर खाली कोण? कडी लावून मी आत नसते एवढंच मामा, मोकळी नसते. पहाटे साडेचारला नळाचं पाणी, मग स्वयंपाक, नऊपासून दुकान. बाया साड्या बघून जातात, मी घड्या घालत राहते. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून कुणी ना कुणी "त्रिवेणी" म्हणतच असतं.

तीन ते चार तेवढं कुणी हाक मारत नाही. अव्वाचं वाचन चालू आहे म्हटलं की हेही गप्प होतात. दिवसातून तेवढाच एक तास मी भिंतीला पाठ टेकते. आवाज कोरडा लागतो हे मला कळतं. पण सावकाश वाचायला लागले की माझे डोळे मिटतात. एकदा अर्ध्या वाक्यात मान पडली होती. आत्याबाईंना वाटलं मी विचार करतेय. तेव्हापासून भरभर वाचते.

अन् त्या सारजाचं. पुस्तकात ती म्हातारी आंधळी होते अन् गोठ्यात एकटी मरते. नऊ पानं आहेत त्याची. आत्याबाई समोर बसलेल्या, हात मांडीवर. मला ते वाचवेना. मी तिला भावाच्या गावी पाठवून दिलं. दोन दिवस पुस्तक समोर धरून मनानंच बोलत होते, तिला बैलगाडीत बसवलं, वाटेत जेवू घातलं. पुढं तिचं नाव आलं की गाळायचं, एवढंच.

तुम्ही मशीन जरूर आणा. त्यांना जे पाहिजे तेच आणा. माझा तास जाईल, ते माझं मी बघीन. फक्त चौथ्या पानाचं त्यांना सांगू नका. रोज आम्हा दोघींना त्याच खोलीत समोरासमोर बसायचं आहे. त्यांना कळलं तर त्यांना बसता यायचं नाही.

आपली
त्रिवेणी

•

जिंतूर,
२४ ऑगस्ट २०२४

चि. भागूस आशीर्वाद.

तुझ्या डोळ्यांविषयी रुद्रेशनं किंवा डॉक्टरनं मला काहीही कळवलेलं नाही. आपल्या बापाच्या नावानं सांगतो. चौथ्या कागदावर म्हाताऱ्याची नुसती बडबड होती, अन् ती लिहिल्याचा मला पस्तावा आहे. तो विषय इथं संपला. रुद्रेशलाही मी काही लिहिणार नाही.

चंद्रभान कंडक्टरच्या हाती एक पिशवी पाठवतोय. तिच्यात लाकडाचे तीन ठोकळे आहेत. परत परभणीला गेलो, भक्तीबाईंच्या खोलीत बसून तिन्ही मशीनं कागदावर गिरवली, कॅलिपरनं जाडी घेतली, वजन केलं. इथं येऊन सागवानाचे तसेच्या तसे ठोकळे कापले. आतून पोकळ करून वजन जुळेपर्यंत छर्रे भरले. बटणांच्या जागी रिव्हेट, स्क्रूची डोकी अन् पत्र्याचे बाण ठोकलेत. कडेला खाचा आहेत, एक, दोन, तीन.

एक नंबर अर्ध्या साबणाएवढं. गळ्यात अडकवता येतं. आवाज फक्त कानातल्या वायरीतून, बाहेर काही नाही. बटणं बारीक.

दोन नंबर विटेएवढं. बटणं बशीएवढी, आवाज बाजारापर्यंत. पण वायर लावून एका जागी ठेवायचं.

तीन नंबर चष्म्याच्या घरासारखं. कानातही ऐकता येतं अन् बाहेरही. बटण दाबलं की आपलं नाव सांगतं. प्रत्येक पुस्तकात कुठं थांबलीस ते वेगवेगळं लक्षात ठेवतं.

भक्तीबाई म्हणतात, ठोकळे आठ दिवस जवळ ठेवा. झोपून धरा, बसून धरा, ओल्या हातानं धरा, एकदा खाली पाडून परत शोधा. आपलं आपण शोधता आलं तेच आपलं.

तीन नंबरला खाली सरकतं झाकण आहे, बॅटरीचं. ते सकाळी पूजेच्या वेळी, बोटं धुतलेली असताना नीट तपास. आतला भागही बोटांनी बघ. घाई करू नको.

अण्णा

•

सेलू,
३० ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अण्णांस शरणू शरणार्थी.

ठोकळे मिळाले. पिशवी उघडली तर घरभर सागवानाचा वास. रुद्रेश म्हणाला, "अव्वा, मामानं खेळणी धाडली का?" म्हणू द्या त्याला. पाच दिवस माझ्या हाताला काम होतं. आठ दिवस म्हणाला होतात, पण माझं ठरलं.

दोन नंबर लगेच बाद. ते मांडीवर घेतलं की नातवंड बसल्यासारखं वाटतं. बाकी दोन मी रोज लिंगपूजा झाली की डाव्या तळहातावर ठेवून बघितले. पन्नास वर्षं त्या तळहातावर इष्टलिंग ठेवून बघत आले. आता दिसत नाही, पण तळहाताला ठाऊक आहे काय नीट बसलं अन् काय नाही.

मला एक नंबर पाहिजे. बटणं बारीक आहेत, पण शिकेन. थानावरच्या चिठ्ठ्याही बारीकच होत्या. त्याचा आवाज फक्त माझ्या कानात राहील, हेच मला पाहिजे. मी काय ऐकते, कुठं हसते, कोणतं पान दोनदा ऐकते, कुणाला कळायला नको. या माडीवर दाराची कडी माझ्या हातात नाही. कानाची तरी असू द्या. त्रिवेणीलाही सांगून टाकीन, बाई, तू सुटलीस.

डोळ्यांचं तुम्ही बापाच्या नावानं सांगितलं, मी मानलं. पण मग त्या पानावर काय होतं? नुसत्या बडबडीचा माणसाला पस्तावा होत नसतो.

तीन नंबरचं झाकण बघितलं नाही. जे घ्यायचं नाही त्याचं पोट कशाला बघू?

भागू

•

सेलू,
३ सप्टेंबर २०२४

अण्णा,

आधीच्या पत्रावरून काही मागवलं असेल तर थांबवा.

काल ठोकळे परत पिशवीत भरत होते. तीन नंबर हातातून निसटला अन् खाटेखाली गेला. पोटावर पडून शोधला. झाकण निघून आलं होतं, ते बसवताना आत बोटाला तार लागली. आधी वाटलं, खिळा वर आलाय. मग वळण लागलं. मग कळलं, वळणाला काना आहे.

तुम्ही बाइंडिंगची तार वाकवून अक्षरं केलीत. भागूला अंधारात वाचता येईल हे तुम्हाला कसं सुचलं? मी जमिनीवरच बसले अन् डाव्या हाताच्या बोटानं एकेक अक्षर सोडवलं. तासभर लागला असेल. वर्षभरात पहिल्यांदा कुणाच्याही तोंडाशिवाय मी काही वाचलं. चार शब्द. "चौथं पान तिनं गिळलं."

वाचता आलं याचा आनंद होत होता अन् त्याच वेळी अर्थ पोहोचत होता. दोन्ही एकदम झालं. असं कुणाचं होऊ नये.

चौथ्या पानावर काय होतं ते आता विचारत नाही. तुम्ही कलमवार उत्तर देता. मीच तुम्हाला चौथं कलम दिलं होतं. तिनं ते माझ्यासमोर, माझ्यापासून दीड हातावर बसून वाचलं. अन् आवाज हलू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा आली. त्यानंतर एकही दुपार चुकली नाही. मी मात्र तिला सुटलीस म्हणून सांगायला निघाले होते.

काल तीन वाजता ती आली. मला कळलंय हे सांगितलं तर तिला रोज माझ्यासमोर ते घेऊन बसावं लागेल. नाही सांगितलं तर मला. जिन्याच्या कडीपेक्षा ही कडी मजबूत आहे अण्णा, अन् ही मीच लावलीय. काल पहिल्यांदा तिच्या वाचण्याकडं लक्ष न देता तिच्या श्वासाकडं लक्ष दिलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती दमते. पळत आलेल्या माणसासारखी.

गळ्यात माझ्या इष्टलिंग आहे, तेवढं बस. दुसरं काही अडकवायला नको. तीन नंबर घ्या, बाहेरही ऐकू येणारं. का, ते आत्ता विचारू नका.

तार काढून विभूतीच्या डबीत ठेवलीय.

भागू

•

जिंतूर,
५ ऑक्टोबर २०२४

चि. भागूस आशीर्वाद.

तीन नंबर आलं. चंद्रभानजवळ दिलंय. भक्तीबाईंनी कार्डात चाळीस पुस्तकं भरून दिलीत. मागं मी सारजाचं नाव काढलं होतं, त्यावरून संस्थेत कुणीतरी वाचून ठेवलेली ती जाड कादंबरीही त्यांनी परस्पर घातलीय. त्यांनी मला सगळी बटणं शिकवली. मी तळव्यानं ऐकून खात्री केली.

त्रिवेणीबाई, हे तुम्ही वाचताय म्हणून तुम्हालाही सांगतो. चार्जिंगचं तोंड मशीनच्या डाव्या बाजूला आहे. म्हाताऱ्या माणसाकडून काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मशीनबद्दल म्हणतोय.

अण्णा

•

सेलू,
२१ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अण्णांस भागूचे शरणू शरणार्थी.

मशीनवर हात बसला. गोल बटण चालू-बंद, बाण पुढं-मागं, चौकोन दाबला की पुस्तकाचं नाव. तुमच्या रिव्हेटांवर एवढा सराव झालेला, खऱ्या मशीनला नवखेपण वाटलंच नाही.

पहिल्या दिवशी कानात वायर घालून ती कादंबरीच लावली. वाचणारा पुरुष आहे, आवाज पंखा लावल्यासारखा गार. सारजापाशी आले. म्हटलं, आता बघू त्रिवेणीनं काय गाळलं. अण्णा, सारजा भावाच्या गावी जात नाही. ती आंधळी होते अन् गोठ्यात मरते. तिच्या हाताला भिंतही सापडत नाही. मी बंद केलं. मग मला ती बैलगाडी आठवली. सारजाला वाटेत चिंचेखाली जेवू घालतात, भाकरी अन् कारळाची चटणी. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. अशी चटणी आपल्याच घरात होते, त्रिवेणीच करते.

ते पुस्तक मी पुन्हा लावणार नाही. माझ्या लेखी सारजा भावाच्या गावी आहे.

मशीन आलं तसं तीन वाजता जिन्यावर पाऊल वाजेना. त्रिवेणी वर येईना. येणार कशाला? दिवाळीची गर्दी, खालून दिवसभर तिच्या नावाच्या हाका. चार दिवस मी कानात वायर घालून चाळीस पुस्तकांच्या मधे बसले, अन् खाटेपासून खिडकी सातच पावलं राहिली.

पाचव्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून खाली हाक दिली. रुद्रेश धावत आला. मी म्हटलं, "ह्या मशीनचं मला काई जमंना. तिला रोज तीनला वर धाडत जा. बटणं दाबायला माणूस लागतं." तो म्हणाला, "अव्वा, काल तर तू सवताच लावलंस की." मी म्हटलं, "काल जमलं, आज जमंना. म्हातारपण हाय माझं, तुला काय करायचं?"

त्रिवेणी आली. मी वायर काढून ठेवली अन् आवाज बाहेर सोडला. प्रवासाचं पुस्तक आहे, हिमालयातलं. ती म्हणाली, "कोणतं बटण, आत्याबाई?" मी म्हटलं, "तू बस, सांगते." ती भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, "भिंत ओली हाय, खाटंवर ये." भिंत कोरडी होती. ती खाटेच्या कडेला बसली, मग थोडी आत सरकली. मी मशीनचा आवाज एकेक पायरी उतरवत गेले. तिसऱ्या पानाला तिचा श्वास लांब झाला. चौथ्याला ती झोपली होती. तिचा पाय माझ्या गुडघ्याला लागला होता, टाच खरबरीत, पिको मशीनचं पायडल मारून मारून झालेली.

मी गोल बटण दाबलं. मशीन थांबलं. भक्तीबाईंचं खरं आहे, ते कुठं थांबलं हे विसरत नाही.

खालून रुद्रेशची हाक आली, "त्रिवेणी, गिऱ्हाईक थांबलंय." ती दचकली. मी तिच्या दंडावर हात ठेवला अन् जिन्याकडं तोंड करून म्हटलं, "वाचन चालू हाय."

खाली सगळं गप्प झालं. चारचे टोले पडले तरी मी तिला उठू दिलं नाही. रोज असंच चाललंय. आठ दिवसांत त्या हिमालयात आम्ही त्यापुढं चारच पानं चढलोय.

चौथ्या पानाचा विषय ती काढत नाही. मीही नाही. काल उठून जाताना मात्र तिनं विचारलं, "आत्याबाई, मधलं काई राह्यलं का?" मी म्हटलं, "काई न्हाई. पुस्तकातच तसं हाय."

खालच्या दाराची कडी अजून बाहेरूनच लागते. तीन ते चार मात्र ती लावणारी आत असते.

तुमची
भागू